टाका आणि ताण

आमचे कबनूर म्हणजे इचलकरंजीला खेटून वसलेले यंत्रमागांचे गाव. मागावरचा धागा तुटला की गाठ हलक्या हाताने मारावी. ती जाड झाली तर फणीत अडकते, हे येथे पोरासोरांनाही ठाऊक. म्हणूनच शेजारच्या काकूंनी परवा मला विचारले, "मास्तर, पोट फाडून शिवत्यात, तवा गाठ आत कुटं अडकत न्हाई व्हय?"

काकूंचे पोट दोनदा उघडले गेले आहे. पहिल्यांदा अपेंडिक्ससाठी आणि पुढे अकरा वर्षांनी आतडे अडकले म्हणून. तेव्हा प्रश्न काही गमतीचा नव्हता.

पोटाच्या आत एक पातळ, गुळगुळीत अस्तर असते. त्याला इजा झाली की चिकट द्रव पाझरतो. बहुधा शरीर तो काही दिवसांत विरघळवून टाकते. न विरघळला तर त्याचेच चिवट पट्टे बनतात आणि आतडे आतड्याला किंवा पोटाच्या भिंतीला चिकटते. पोट उघडून केलेल्या मोठ्या शस्त्रक्रियांनंतर शंभरांतील नव्वदांच्या आसपास रोग्यांत असे थोडेफार घडते. बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही.

पूर्वी हे अस्तरही नेटाने शिवीत. परंतु ते कातडीसारखे केवळ कडांकडून भरत नाही; सगळ्या पृष्ठभागावर एकदमच नवे तयार होते. ताणून शिवले तर उलट तेथला रक्तपुरवठा तुटतो. म्हणून आता पुष्कळ सर्जन ते तसेच सोडतात आणि वरचा मजबूत थर तेवढा शिवतात. त्यासाठी जखमेच्या लांबीच्या निदान चौपट धागा लागावा, असा दंडक आहे. कडा नुसत्या भेटाव्यात, आवळू नयेत. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या हॉलंडमधील एका चाचणीत दाट, बारीक टाक्यांनंतर वर्षभरात शंभरांत १३ जणांना हर्निया झाला, तर मोठ्या टाक्यांनंतर २१ जणांना.

जखमच लहान असेल तर चिकटण्याचा धोकाही सहसा कमी. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमतन उडवाडिया यांनी १९९० मध्ये दुर्बिणीतून पित्ताशय काढले, तेव्हापासून ही वाट आपल्याकडेही रुळली.

वाचकहो, पोटावर जुना व्रण असेल आणि कळा येऊन पोट फुगले, उलट्या सुरू झाल्या, वारा सरेनासा झाला, तर 'गॅस झाला' म्हणून एरंडेल घेऊ नका. त्याच दिवशी इस्पितळ गाठा आणि जुन्या शस्त्रक्रियेची गोष्ट डॉक्टरांना आधी सांगा.