रंगकामाच्या गॅरेजमधील प्रकाशयोजना : मावळ-लोणावळ्याच्या परिस्थितीत एक विचार

मुंबई-पुणे जुन्या महामार्गाच्या दोन्ही अंगांना, लोणावळ्यापासून कामशेत व वडगावमार्गे तळेगावपर्यंत, मोटारींचे डेंटिंग-पेंटिंग करणारी अनेक लहान गॅरेजे आहेत. मोटारी बनविणाऱ्या मोठ्या कारखान्यांत रंगलेल्या गाडीच्या तपासणीसाठी दिव्यांच्या रांगांनी वेढलेले स्वतंत्र दालन असते. लहान गॅरेजमध्ये मात्र पुट्टी घासणे, रंग मारणे, पॉलिश करणे आणि तपासणे ही सर्व कामे बहुधा एकाच पत्र्याखाली व त्याच दोन-तीन ट्यूबलाईटच्या उजेडात उरकली जातात. परिणामी आत निर्दोष वाटलेली गाडी बाहेर उन्हात उभी करताच दारावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा उमटलेल्या दिसतात, किंवा नव्याने रंगविलेले मडगार्ड शेजारच्या बॉनेटहून वेगळ्या छटेचे भासते. दोष कारागिराच्या हाताला दिला जातो. प्रत्यक्षात तो पुष्कळदा दिव्याचा असतो.

या चुकीची किंमत केवळ पैशांत मोजता येत नाही. आधुनिक मोटारीच्या रंगावर जो पारदर्शक थर असतो, त्याची जाडी सामान्यतः ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाहूनही कमी असते. प्रत्येक वेळी बफ फिरविताना त्यातील काही अंश कायमचा झिजतो. उन्हातील अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचे रक्षण हाच थर करतो. तेव्हा दोष वेळेवर न दिसल्यामुळे दोनतीनदा केलेले पॉलिश गाडीचे आयुष्य कमी करते.

पृष्ठभागावर काय दिसते

रंगलेल्या पत्र्यावरून प्रकाश दोन प्रकारे परत येतो. पारदर्शक थराच्या वरच्या पृष्ठावर लंब दिशेने पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ४ टक्के आरशाप्रमाणे परावर्तित होतो. हीच तकाकी होय. उरलेला आत शिरून रंगकणांवर विखुरतो व रंगाची जाणीव करून देतो. पांढऱ्या गाडीवर हा विखुरलेला प्रकाश इतका प्रबळ असतो की त्यात तकाकीतील दोष बुडून जातात. काळ्या गाडीवर तो अत्यल्प असल्यामुळे ४ टक्क्यांचे प्रतिबिंबच डोळ्यांत भरते व बारीकसा ओरखडाही लपत नाही. काळा रंग अधिक नाजूक असतो असा जो समज आहे, त्याचे एक कारण येथे आहे.

यावरून प्रकाशाकडून होणाऱ्या तीन निरनिराळ्या अपेक्षा स्पष्ट होतात. पत्र्याची लवण किंवा रंगाचा संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा पाहावयाचा असेल, तर लांब व सरळ कडेचा दिवा लागतो. त्याच्या प्रतिबिंबाची कड जेथे वाकते अथवा थरथरते, तेथे दोष असतो. बफाचे ओरखडे पाहण्यास लहान व प्रखर दिवा हवा. असे ओरखडे वस्तुतः सर्व दिशांना पसरलेले असतात. परंतु दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती जे आडवे येतात, तेवढेच प्रकाश डोळ्यांकडे पाठवितात, आणि म्हणून ते वर्तुळाकार भासतात. रात्री झाडाच्या फांद्यांतून रस्त्यावरील दिवा पाहिला असता त्याभोवती काटक्यांची वर्तुळे दिसतात, त्याचेही कारण हेच. रंगाची छटा जुळविण्यास याउलट विस्तृत व सौम्य प्रकाश लागतो. एकच दिवा ही तिन्ही कामे करू शकत नाही. नुसते वॅट वाढवून प्रश्न का सुटत नाही, याचे उत्तर यात आहे.

दिव्याची जागा

छताच्या मध्यभागी लावलेले दिवे टप व बॉनेट तपासण्यास उपयोगी पडतात, दारांस नाही. दार हा जवळजवळ उभा आरसा आहे. उभ्या माणसाची नजर त्याच्या खालच्या भागावर तिरपी उतरते व परावर्तित होऊन जमिनीकडे जाते. त्यामुळे त्या भागात त्याला दिव्याचे नव्हे, तर फरशीचे प्रतिबिंब दिसते. म्हणून दोन्ही बाजूंच्या भिंतींवर गुडघ्याच्या उंचीपासून वरपर्यंत उभे किंवा तिरके दिवे असावेत, आणि तपासणाऱ्याने खाली बसून गाडीच्या लांबीच्या दिशेने पाहावे. छतावरील रांगाही गाडीच्या माथ्यावर न ठेवता गाडी व भिंत यांमधील मोकळ्या पट्ट्यावर ठेवाव्यात. भिंतींना पांढरा, पण न चकाकणारा रंग द्यावा.

प्रकाशाचे प्रमाण व गुण

युरोपीय मानकात मोटारीच्या रंगकामासाठी ७५० लक्स आणि किरकोळ दुरुस्ती व तपासणीसाठी १००० लक्स प्रकाश सुचविला आहे. ६ × ४ मीटरच्या गॅरेजचे क्षेत्र २४ चौरस मीटर होते. धूळ व शोषण यांत निम्मा प्रकाश जातो असे धरल्यास सर्वत्र १००० लक्स मिळण्यासाठी ४८,००० ल्यूमेन, म्हणजे २००० ल्यूमेनच्या २४ एलईडी पट्ट्या लागतील. लहान धंद्यास हा खर्च जड आहे. त्याऐवजी १२ पट्ट्यांनी ५०० लक्सचा सर्वसाधारण प्रकाश ठेवून पाहावयाच्या भागाजवळ हातदिवा नेणे अधिक सयुक्तिक ठरते.

छटेसाठी प्रमाणाहून गुण महत्त्वाचा. दोन रंगलेप एका दिव्याखाली सारखे व दुसऱ्याखाली भिन्न दिसू शकतात. यास मेटामेरिझम म्हणतात. दिवसाच्या उजेडाशी जुळण्यासाठी दिव्याचे वर्णतापमान ५००० ते ६५०० केल्विन आणि रंगदर्शनाचा निर्देशांक ९० हून अधिक असावा. मात्र हा निर्देशांक आठ फिक्या नमुन्यांवरून काढलेला सरासरी अंक आहे. साध्या एलईडीत गडद तांबड्या तरंगलांबी कमी असतात, आणि गर्द तांबड्याचा नववा नमुना या सरासरीत येत नाही. तांबडी गाडी रंगविणाऱ्याने तो आकडा वेगळा पाहिला पाहिजे. मेटॅलिक रंगात अॅल्युमिनियमचे कण असल्याने छटा समोरून व तिरक्या दृष्टीनेही ताडून पाहावी.

स्थानिक परिस्थिती

पाठ्यपुस्तकांत रंगपरीक्षेसाठी उत्तरेकडील खिडकी श्रेष्ठ मानली आहे. समशीतोष्ण प्रदेशात ते बव्हंशी ठीक असले, तरी लोणावळा सुमारे १८ अंश ४५ कला उत्तर अक्षांशावर आहे. तेथे मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मध्यान्हीचा सूर्य खस्वस्तिकाच्या उत्तरेस असतो. त्या काळात ढग नसतील तर उत्तरेच्या खिडकीतूनही ऊन आत येते. पुढे पावसाळा लागतो. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि धुक्यामुळे भर दुपारीही दिवे लावावे लागतात. झड अडविण्यासाठी दारावर निळी ताडपत्री टांगली, की आत येणारा सर्व उजेड निळसर होतो. अशा उजेडात जुळविलेली छटा विश्वसनीय नसते. छटा जुळविताना ताडपत्री बाजूला सारावी किंवा केवळ चांगल्या दिव्यावर विसंबावे.

पहिल्या पावसानंतर सायंकाळी वाळवीचे पंखधारी किडे दिव्याकडे झेपावतात व ओल्या रंगावर चिकटतात. दारे बंद ठेवून बाहेर दूरवर एक दिवा लावणे हा साधा उपाय आहे. याहून गंभीर बाब थिनरच्या वाफेची. ती हवेहून जड व ज्वालाग्राही असल्याने जमिनीलगत साचते. खाली बसविलेले दिवे नेमके तेथेच येतात. म्हणून फवारणीच्या जागी दिवे काचेच्या भिंतीबाहेर अथवा ज्वालारोधक आवरणात असावेत. साधा हातदिवा रंग वाळून वाफ निघून गेल्यावरच आत आणावा.

सारांश, प्रथम सुरक्षितता, मग दिव्याची जागा, त्यानंतर प्रकाशाचा गुण आणि शेवटी त्याचे प्रमाण, असा निवडीचा क्रम असावा. जो दोष गॅरेजमध्ये दिसतो, तो सुधारता येतो. जो बाहेर रस्त्यावर दिसतो, त्याचा वाद होतो. कारागिराच्या कौशल्याचा न्याय व्हावयाचा असेल, तर त्याचे काम गिऱ्हाइकाला ज्या उजेडात दिसणार आहे, तसाच उजेड त्याला काम करताना मिळाला पाहिजे.