आवाज तोच, कान वेगळा

कुरकुंभच्या एका वाचकाने विचारलंय : रात्री एमआयडीसीतली घरघर सुरू झाली की डोळ्याला डोळा लागत नाही, पण नवरात्रात फिरंगाईच्या देवळावरचा भोंगा वाजत असला तरी झोप लागते. असं का?

या प्रश्नाच्या फार जवळ जाणारा एक प्रयोग झालेला आहे. प्रयागच्या माघ मेळ्यात कल्पवासी महिनाभर गंगाकाठी तंबूत राहतात. कडाक्याची थंडी, भोंगे दिवसरात्र. भारतीय आणि ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी लोकांना एक धड न ओळखू येणारा गोंगाट ऐकवला. काहींना सांगितलं, हा मेळ्यातला. काहींना, शहरातल्या रस्त्यावरचा. ध्वनिमुद्रण एकच. ‘मेळ्यातला’ म्हटल्यावर तो लोकांना बरा वाटला आणि त्यांनी तो जास्त वेळ ऐकला. ‘आपण कोण’ याचं उत्तर असं थेट कानापर्यंत पोचतं. गर्दीत माणूस स्वतःला हरवतो, हे गुस्ताव ल बाँचं १८९५चं मत आपण अजून उगाळतो. कल्पवाशाचा ‘मी’ मात्र ‘आम्ही’त चांगला ऐसपैस बसलेला दिसतो.

याच मानसशास्त्रज्ञांना २०१२च्या एका निबंधात आढळलं, की मेळ्याहून परतलेल्यांना आधीपेक्षा बरं वाटत होतं. गावी राहिलेल्यांत तसा फरक नव्हता. पण म्हणून ‘यात्रा हेच औषध’ असा मथळा दिसला तर पान उलटा. कोण जाणार, हे काही चिठ्ठ्या टाकून ठरलं नव्हतं. आणि डेसिबल भजनाचे असोत की बॉयलरचे, अंतःकर्णातल्या पेशी सारख्याच मरतात.

‘आम्ही’ जुळायला फार काही लागत नाही. नाममात्र गट पाडले तरी शाळकरी मुलं आपल्या गटाला झुकतं माप देतात, हे हेन्री टायफेल यांनी ब्रिस्टलला १९७०च्या सुमारास दाखवलं. त्यांचं नाव मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत असतं. मानवशास्त्रज्ञ इरावती कर्व्यांचं नसतं, याची मला चुटपुट आहे. त्या पंढरीच्या वारीत चालल्या होत्या. तुकोबांची पालखी पाटसहून रोटी घाटाकडे वळते, कुरकुंभच्या शेजारूनच. बाई मात्र चालल्या त्या ज्ञानोबांच्या पालखीबरोबर. टायफेल यांच्या कितीतरी आधी ‘वाटचाल’ या लेखात त्यांनी टिपून ठेवलं : एकाच दिंडीतले ब्राह्मण आणि मराठे बरोबर चालतात, बरोबर अभंग म्हणतात, आणि मुक्कामाला चुली वेगळ्या. बाई मराठ्यांच्या पंगतीला जाऊन जेवल्या, आणि मग ती मंडळी त्यांच्याशी अधिक मोकळी झाली. उद्या कुणी वारीत प्रश्नावली घेऊन उतरलंच, तर पहिला रकाना जेवणाचा ठेवावा.