एसएसडी स्लॉटमध्ये बसली, पण लॅपटॉपला दिसेना? विकत घेण्याआधी हे तपासा

नंदुरबार : देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातील टेंभली गावात दिलं गेलं. त्यानंतर दाखले, पीक विमा, शिष्यवृत्ती अशी एकेक कामं ऑनलाइन झाली. पण गावातल्या सेवा केंद्रात किंवा विद्यार्थ्याच्या घरात लॅपटॉप जुन्या हार्ड डिस्कचा असेल, तर तो सुरू व्हायलाच पाच-पाच मिनिटं घेतो. नवा घेणं परवडत नसेल तर एसएसडी टाकणं हा स्वस्त उपाय. मात्र चुकीची एसएसडी आणली, तर ती बदलायला धडगाव-मोलगीहून पुन्हा नंदुरबारची खेप, म्हणजे भाडंही गेलं आणि रोजही बुडाला.

कुठल्या प्रकारची लागते?

१) अडीच इंची साटा : जुन्या हार्ड डिस्कच्याच जागी बसते. लॅपटॉपला अशी हार्ड डिस्क असेल तर हीच निवड सगळ्यात सोपी.

२) एम.२ : च्युइंगमच्या पट्टीसारखी. खरा घोळ इथंच होतो. दिसायला सारख्या असल्या तरी यात एम.२ साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार येतात. साटाच्या पट्टीला बहुधा दोन खाचा, एनव्हीएमईला बहुधा एक. दोन खाचांची पट्टी एनव्हीएमईच्या स्लॉटमध्येही बसते, पण तो स्लॉट फक्त एनव्हीएमईचा असेल तर साटा पट्टी दिसणारच नाही. म्हणून खाचा मोजू नका, लेबल वाचा. लांबीही बघा : २२८० म्हणजे ८० मिलिमीटर, २२४२ म्हणजे ४२.

३) ईएमएमसी : अगदी स्वस्त लॅपटॉपमध्ये स्टोरेज मदरबोर्डलाच चिकटवलेलं असतं. ते काढता येत नाही. वेगळा स्लॉट असला तरच एसएसडी लावता येते.

लॅपटॉपच्या खालच्या बाजूला मॉडेल नंबर असतो. तो कंपनीच्या वेबसाइटवर टाकून कोणता स्लॉट आहे ते आधी बघावं.

बसवली, तरी दिसत नाही?

आधी लॅपटॉप सुरू होताना बायोसमध्ये जावं (बहुतेक ठिकाणी एफ२ किंवा डिलीट बटण). तिथंही दिसत नसेल तर लॅपटॉप बंद करून पट्टी काढून नीट बसवावी, स्क्रू लावावा. तरीही नाही दिसली, तर प्रकार चुकला किंवा एसएसडी खराब. दुसऱ्या लॅपटॉपला लावली की कळतं.

बायोसमध्ये दिसते, पण विंडोजमध्ये नाही? नव्या एसएसडीवर अजून भाग पाडलेले नसतात. डिस्क मॅनेजमेंट उघडून ती इनिशियलाइज करावी. जुन्या डिस्कवर चुकून हे करू नये, डेटा जाईल.

विंडोज टाकतानाच ड्राइव्ह दिसत नसेल, तर इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपना आरएसटी ड्रायव्हर लागतो. तो कंपनीच्या साइटवरून पेनड्राइव्हवर घेऊन ‘लोड ड्रायव्हर’मधून द्यावा.

काम सुरू करण्याआधी

फोटो, कागदपत्रं, ग्राहकांच्या फाइली बाहेर काढून ठेवा. बिटलॉकर चालू असेल तर रिकव्हरी की लिहून घ्या. विंडोज नव्यानं टाकल्यावर अंगठ्याच्या मशीनची आरडी सर्व्हिस आणि प्रिंटरचा ड्रायव्हरही परत टाकावा लागतो, हे सेवा केंद्र चालकांनी लक्षात ठेवावं.

आणखी एक. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. एसएसडीनं लॅपटॉप पळतो, पण त्यामुळे तो विंडोज ११ साठी पात्र होत नाही. त्यासाठी प्रोसेसर आणि टीपीएम २.० वेगळं तपासावं लागतं.

शक्य असेल तर लॅपटॉप सोबत घेऊनच दुकानात जावं. एसएसडी तिथंच बसवून बायोसमध्ये दिसली की मगच पैसे द्यावेत, आणि वॉरंटीसाठी पक्कं बिल मागून घ्यावं.