रस्त्याखालचा रस्ता

नागपूर-सिवनी महामार्गावर मनसर ओलांडून काही अंतर गेले की रस्ता जमीन सोडून खांबांवर चढतो. खाली मोठी नदी नाही, रेल्वेमार्गही नाही. आहे ते पेंचचे जंगल. घाईत असलेल्या प्रवाशाला हा पूल निष्कारण वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः पुलाखालची ती वाट माणसासाठी नाहीच.

पेंच आणि कान्हा या व्याघ्रप्रकल्पांना जोडणारा वनपट्टा या महामार्गाने छेदला आहे. वयात आलेला वाघ जन्मस्थान सोडून स्वतःचा मुलूख शोधू लागतो. त्याची वाट अडली की दोन्हीकडचे वाघ आपापल्या जंगलात कोंडले जातात, जवळच्या नात्यातच प्रजनन होऊ लागते आणि कालांतराने वंश दुर्बळ होतो. जंगल नकाशावर शाबूत दिसते. आतून मात्र ते बेट झालेले असते.

चौपदरीकरणाचा वाद न्यायालयापर्यंत गेला आणि त्यातून महाराष्ट्राच्या हद्दीत चार भुयारी मार्ग व पाच लहान पूल उभे राहिले. त्यांची लांबी ५० मीटरपासून ७५० मीटरपर्यंत आहे. वाघ तेथून जाईल काय, अशी शंका तेव्हा घेतली जात होती. भारतीय वन्यजीव संस्थेने २०१९ च्या मार्च ते डिसेंबर या काळात लावलेल्या कॅमेऱ्यांनी तिचे उत्तर दिले. वन्यप्राण्यांच्या १८ जाती तेथे आढळल्या. ११ वाघांनी ८९ वेळा या वाटांचा उपयोग केला. कॅनडातील बॅन्फ राष्ट्रीय उद्यानात कुंपण व असे मार्ग यांच्या जोडीने मोठ्या प्राण्यांचे अपघात ८० टक्क्यांहून अधिक घटले, हा अनुभव तर त्याहून जुना आहे.

तरीही 'एवढा खर्च जनावरांसाठी कशाला?' हा प्रश्न विचारला जातोच. प्रश्नाची मांडणीच चुकीची आहे. कारखान्याने सांडपाणी नदीत सोडले तर त्याचा माल स्वस्त पडतो, कारण खर्चाचा एक भाग खालच्या गावांनी सोसलेला असतो. जंगलातून जाणारा 'स्वस्त' रस्ता असाच स्वस्त असतो. भुयारी मार्ग म्हणजे प्राण्यांना दिलेले दान नव्हे. रस्त्याच्या खऱ्या किमतीतला तो वगळलेला आकडा होय. तो पहिल्याच अंदाजपत्रकात धरावा; बांधून झालेला रस्ता पुन्हा उचलणे कितीतरी महाग पडते.

मात्र पूल बांधून कर्तव्य संपत नाही. वाटेच्या दोन्ही टोकांना ढाबे, विश्रामगृहे व कुंपणे उभी राहिली तर कोट्यवधींचा पूल निरुपयोगी ठरेल. त्या टोकांजवळ शेतकरीही राहतात. वाघाने गाय मारली तर तिची भरपाई वेळेवर मिळाली पाहिजे. अन्यथा प्रवाशाने वाचवलेल्या वेळेची किंमत त्या शेतकऱ्याच्या गोठ्यातून वसूल होईल. असा हिशेब कोणत्याही अर्थशास्त्रात न्याय्य ठरत नाही.