चर्चच्या बाकावर अबोल माणसं जास्त?

अकोल्याच्या एका वाचकाने विचारलंय, “आमच्या मंडळीत दर रविवारी ठरावीकच चेहरे दिसतात. उपासनेला येणं हा स्वभावाचा भाग असतो का?”

इंग्लंडचे लेस्ली फ्रान्सिस कित्येक वर्षं याच प्रश्नाच्या मागे आहेत. मानसशास्त्रज्ञ तर आहेतच, शिवाय स्वतः अँग्लिकन पाळक. त्यांनी उपासनेला आलेल्यांकडूनच ४० प्रश्नांचे फॉर्म भरून घेतले. एकूण लोकसंख्येच्या मानाने तिथे अंतर्मुख, मनाने हळवी आणि सगळं वेळच्या वेळी लागणारी माणसं जास्त निघाली. आता, उपदेश ऐकून झाल्यावर ४० प्रश्न निमूटपणे सोडवणारा माणूस दुसरा कसा असणार म्हणा!

या वर्गवारीचं मूळ मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगच्या १९२१च्या ग्रंथात आहे. पुढे कॅथरिन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल मायर्स यांनी त्यावरून चाचणी बेतली. माझं भांडण या चाचणीच्या कप्प्यांशी आहे. साडेपाच फुटांवर रेघ मारून अख्ख्या गावाचे ‘उंच’ आणि ‘बुटके’ करावेत, तसला हा प्रकार. बहुतेक माणसं रेघेच्या आसपासच असतात. महिन्याभराने तोच फॉर्म भरला की काहींचा कप्पा बदलतो.

खुद्द युंगचंच बघा. बाप पाळक, पोरगा पक्का अंतर्मुख. हिशेबाने पहिला बाक त्याचाच. पण पहिल्या प्रभुभोजनात भाकर खाल्ली, द्राक्षारस घेतला आणि आत काहीच हललं नाही. पुन्हा या विधीला यायचं नाही, हे पोराने तेव्हाच ठरवलं. आत्मकथनात त्याने हे सविस्तर सांगितलंय.

शिवाय इंग्लंडातली ती उपासना छापील क्रमाने चालणारी, शांत. आपल्याकडे १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी भजन-कीर्तनालाच ख्रिस्ती केलं. पेटी आणि टाळ वाजायला लागले की अबोल माणूसही सूर धरतो. आणि वऱ्हाडात उपासनेला एकटा माणूस कुठे जातो? घरातली आजी निघाली की अख्खं घर निघतं. मग स्वभाव मोजायचा कोणाचा?

तेव्हा मोजायचंच असेल, तर नाताळची गर्दी मोजा आणि सोयाबीन सोंगणीतल्या रविवारचीही. न येणाऱ्यांच्या घरीही फॉर्म पाठवा. त्यात ४१वा प्रश्न घाला : रविवारी कामावर जावं लागतं का?