आईचा आवाज विकत मिळत नाही

आराधी गाणी, गोरोबाकाकांचे अभंग, जात्यावरच्या ओव्या ही धाराशिव जिल्ह्यातल्या बायकांची पिढ्यान्‌पिढ्यांची शिदोरी आहे. आता या शिदोरीच्या जोडीला गरोदर स्त्रीसाठी मोबाइलवरचे खास संगीत, पोटाला लावायचे हेडफोन आणि शुल्क भरून करायचे गर्भसंस्काराचे वर्ग आले आहेत. बाळ हुशार होईल, या आश्वासनावर ते खपतात. संशोधनातून दिसणारे चित्र मात्र वेगळे आहे. पोटातल्या बाळापर्यंत सर्वांत चांगला पोहोचतो तो आईचा स्वतःचा आवाज, आणि त्यातून बाळाला मिळते ती ओळख, वाढीव बुद्धी नव्हे.

साधारण सहाव्या महिन्याच्या अखेरीस बाळाचा अंतःकर्ण काम करू लागतो. पोटाच्या भिंती आणि गर्भजल उंच स्वर बरेचसे अडवतात, खालच्या पट्टीतले स्वर आत जाऊ देतात. त्यामुळे शब्द पुसट होतात, पण बोलण्याची लय, ठेका आणि चढउतार टिकतात. बाहेरच्या माणसाचा आवाज क्षीण होऊन पोहोचतो; आईचा आवाज तिच्या शरीरातूनच जात असल्याने ठळक राहतो. अमेरिकेतल्या अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर यांनी 1980 मध्ये दाखवले, की नवजात बाळे चोखण्याची लय बदलून परक्या बाईऐवजी आईचा आवाज ऐकणे पसंत करतात. पुढे 1986 मध्ये डीकॅस्पर आणि मेलानी स्पेन्स यांनी गरोदर स्त्रियांना शेवटच्या सहा आठवड्यांत रोज दोनदा एकच बालकथा मोठ्याने वाचायला सांगितली. जन्मानंतर दुसऱ्या बाईने वाचली तरी बाळांनी तीच कथा पसंत केली. बाळांच्या ध्यानात राहिली होती ती कथेच्या आवाजाची घडण. दोन भाषा बोलणाऱ्या आयांच्या नवजात बाळांना त्या दोन्ही भाषा सारख्याच जवळच्या वाटतात, असे कॅनडातल्या 2010 च्या अभ्यासात आढळले. उमरग्याच्या सीमाभागात मराठी आणि कानडी दोन्ही बोलणाऱ्या आईने म्हणूनच एकही भाषा आवरती घेण्याचे कारण नाही.

मग मोझार्टच्या संगीताने बुद्धी वाढते, हे कुठून आले? 1993 चा तो मूळ प्रयोग महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर झाला होता आणि त्यात दिसलेला फायदा काही मिनिटांपुरता होता. गर्भाशी त्याचा संबंधच नव्हता. आईच्या पोटातच चक्रव्यूहाची माहिती ऐकलेल्या अभिमन्यूच्या कथेचा दाखलाही दिला जातो. गर्भ ऐकतो, हे त्या कथेतले सूत्र खरे ठरले आहे. पण ऐकणे म्हणजे अर्थ समजणे नव्हे. चक्रव्यूहाची रचना समजायला भाषा आधी यावी लागते. कोणी विचारेल, बुद्धी वाढत नसेल तर गायचे-वाचायचे कशाला? कारण अनोळखी जगात आलेल्या बाळाला पहिला परिचित आवाज त्यातून मिळतो, आणि घराला बाळाशी बोलायची सवय लागते. ही सवय जन्मानंतर भाषेच्या वाढीला थेट उपयोगी पडते. वडिलांनीही जरूर बोलावे, वाचावे. नवजात बाळ त्यांच्या आवाजाला आईइतकी पसंती देत नाही, म्हणून वाईट वाटून घेऊ नये. ती ओळख पुढच्या सहवासातून होते. हेडफोन मात्र पोटाला लावू नयेत. त्यांचा फायदा सिद्ध झालेला नाही आणि मोठ्या आवाजाचा धोका उगाच ओढवतो. डीजेच्या भिंतीजवळ गरोदर बाईने थांबू नये, तेही याच कारणाने.

खरा प्रश्न गाणे कोणते निवडावे हा नाही. गायला आईच्या अंगात त्राण उरते का, हा आहे. दिवाळीच्या सुमारास कळंब, वाशी, भूम भागातून ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्यांत गरोदर बायाही असतात. आगाऊ घेतलेली उचल फिटेपर्यंत कोयता थांबत नाही. बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या पोषणावर अवलंबून असते, आणि रक्तक्षय झालेल्या आईला संगीताआधी लोहाच्या गोळ्या, पोटभर जेवण आणि विश्रांती हवी. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी होते. त्या दिवशी तिची मजुरी बुडू न देणे, घरातले पाणी-सरपण नवऱ्याने उचलणे आणि संध्याकाळी तिला निवांत अर्धा तास मिळू देणे, हाच पुराव्याला धरून असलेला गर्भसंस्कार आहे. त्या अर्ध्या तासात ती जे गाईल किंवा वाचेल, ते बाळासाठी पुरेसे आहे.