खिशातला चाकू: किमतीपेक्षा सांधा पाहा

आंब्याच्या पेटीची सुतळी, कुरियरच्या खोक्यावरची चिकटपट्टी, प्रवासात घेतलेला पेरू, औषधाचं न फाटणारं पाकीट. दिवसभरात अशी दहा कामं निघतात आणि आपण दात, नखं नाहीतर किल्ली वापरतो. एक छोटा घडीचा चाकू ही सगळी कामं नीट करतो. तो घ्यायला गेलं की मात्र सल्ले फार मिळतात आणि त्यातले बरेच चुकीचे असतात.

गैरसमज १: चाकू खिशात ठेवणं हाच गुन्हा आहे.

वस्तुस्थिती: शस्त्र कायदा, १९५९ खालच्या नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारं येतात; घरकाम, शेती किंवा उद्योगासाठी बनवलेली अवजारं त्यातून वगळली आहेत. तीन इंचांचा साधा घडीचा चाकू या मापाच्या खूप आत राहतो. तरी दोन गोष्टी लक्षात ठेवा. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली जमावबंदीच्या काळात चाकू बाळगण्यावरही बंदी घालता येते, त्यामुळे सणासुदीला, निवडणुकीत किंवा मोर्च्याच्या दिवशी तो घरीच ठेवावा. आणि बटण दाबताच उघडणारा, रामपुरी धाटणीचा चाकू घेऊच नये. कामाला त्याचा वेगळा फायदा काही नाही, संशय मात्र ओढवतो. विमानप्रवासात चाकू केबिनच्या पिशवीत चालत नाही.

गैरसमज २: महाग तोच भरवशाचा.

वस्तुस्थिती: फ्रान्सच्या साव्वा प्रांतात जोसेफ ओपिनेलने १८९० मध्ये शेतकऱ्यांसाठी एक साधा चाकू घडवला: बीच लाकडाची मूठ, एक पातं, एक खिळा. १९५५ मध्ये त्याला फिरवून पातं अडकवणारी कडी जोडली गेली. हा चाकू आजही जवळपास तसाच बनतो आणि आजही स्वस्त चाकूंतच मोडतो. त्याच्या ८ नंबरच्या पात्याची लांबी साडेआठ सेंटीमीटर आहे आणि रोजच्या कामाला तेवढी पुरते. एका मर्यादेनंतर वाढीव पैसे जातात ते दुर्मीळ पोलादाला, मुठीच्या साहित्याला आणि झिलईला. सुतळी कापताना तो फरक हाताला जाणवत नाही.

गैरसमज ३: पोलाद जितकं कडक, तितकं चांगलं.

वस्तुस्थिती: कडक पोलाद धार जास्त दिवस धरतं, पण ते ठिसूळ असतं आणि घरच्या दगडाला सहज दाद देत नाही. स्विस बनावटीचे प्रसिद्ध लाल चाकू रॉकवेल मापावर ५६ च्या आसपास ठेवलेले असतात. जाणूनबुजून थोडे मऊ, म्हणजे घरी पाच मिनिटांत धार लागावी. ज्याला स्वतः धार लावायची आहे, त्याच्यासाठी हेच सोयीचं.

गैरसमज ४: स्टेनलेस कधीच गंजत नाही.

वस्तुस्थिती: उशिरा गंजतं, इतकंच. स्वस्त पण चांगल्या चाकूंत मिळणाऱ्या १२सी२७ या स्वीडिश पोलादात क्रोमियम साडेतेरा टक्के असतं. तरीही लिंबाचा रस, मीठ किंवा किनाऱ्यावरची दमट हवा यांनी सांध्यात डाग धरतातच. वापरून झालं की धुवा, पुसून कोरडा करा आणि खिळ्यावर तेलाचा एक थेंब सोडा. लाकडी मूठ पावसाळ्यात फुगते आणि पातं घट्ट बसतं. कोकणात राहत असाल तर प्लास्टिकची मूठ बरी. साधं कार्बन पोलाद झटकन धार घेतं, पण त्याला ही निगा रोज हवी.

गैरसमज ५: लॉक आहे, म्हणजे बोटं सुरक्षित.

वस्तुस्थिती: लॉकमुळे पातं अचानक मिटण्याचा धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. खिसा-चाकूचं काम कापायचं. खुपसणं, उचकटणं आणि स्क्रू फिरवणं नव्हे. दुकानात चाकू उघडून पातं डावी-उजवीकडे हलवून पाहा, ते डुगडुगता कामा नये. मिटल्यावर ते मुठीच्या मधोमध बसायला हवं. लॉक पूर्ण बसतो का आणि एका हाताने सहज सुटतो का, तेही तपासा. ही अर्ध्या मिनिटाची परीक्षा चाकूच्या खोक्यावरच्या सगळ्या मजकुरापेक्षा जास्त सांगते.

गैरसमज ६: बोथट चाकूने इजा होत नाही.

वस्तुस्थिती: बोथट पात्यावर जोर द्यावा लागतो आणि जोर दिला की ते निसटतं. धारदार पातं आपल्या मर्जीने चालतं. पण धार लावायला कोरड्या, वेगवान चाकावर देऊ नका. ठिणग्यांच्या उष्णतेने कड निळसर पडली, की पात्याचं पाणी उतरलंच. साधा धारेचा दगड ओला करा. पातं दगडावर काटकोनात उभं धरा, तो कोन निम्मा करा, पुन्हा निम्मा करा. सुमारे वीस अंशांचा हा कोन धरून दोन्ही बाजूंनी सारखे हात फिरवा.

तेव्हा सुटसुटीत बांधणीचा, न डुगडुगणारा, तीन इंचांच्या आतबाहेरचा चाकू घ्या आणि उरलेल्या पैशांतून एक धारेचा दगड आणा. चाकू विकत मिळतो, त्याचा भरवसा मात्र त्या दगडावर आपल्यालाच घडवावा लागतो.